आहेरामागचा तिसरा माणूस

वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की आधी बजेट ठरतं, मग वस्तू आणि शेवटी कंपनी. मुंबईतला तांबा काटा असो की पुण्यातली बोहरी आळी, भांड्यांच्या दुकानात आहेर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक लांबून ओळखू येतं. स्वतःच्या घरासाठी आलेली बाई कुकरचं झाकण चार वेळा लावून बघते, तव्याची मूठ हलते का ते पाहते, भांडं हातात तोलते. तीच बाई नणंदेच्या नव्या फ्लॅटसाठी आली की भांडं बाजूला राहतं आणि खोकं निरखलं जातं. खोकं चेपलेलं नको, नाव मोठं हवं, गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का हवा. किमतीची चिकटपट्टी तेवढी काढून द्या म्हणजे झालं.

आहेरात आपण नावाचे पैसे जास्त मोजतो. 'नामांकित कंपनीचं दिलंय' म्हटलं की देणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. मिक्सर महिन्यात बंद पडला तरी दोष कंपनीच्या माथी जातो. शिवाय घेणाऱ्याला निवड नसते. आपण दिलेला तवा ती माणसं पुढची पाच-सात वर्षं वापरणार, कंपनीचं नाव रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार, आणि ते नाव त्या घरात आपण नेऊन ठेवलेलं असतं. म्हणून कंपनीच्या वागणुकीचा हिशोब एरवी कधी मांडला नाही तरी आहेर घेताना मांडायला हरकत नाही.

तो मांडायचा कसा, हा खरा पेच आहे. आहेराच्या व्यवहारात दोन माणसं दिसतात, देणारा आणि घेणारा. तिसरा दिसत नाही. तो वस्तू बनवणारा असतो, किंवा बनते तिथं शेजारी राहणारा, ज्याचं पाणी आणि हवा त्या कारखान्याच्या वाटेवर असते. खोक्यावर छापलेला शब्द न् शब्द पहिल्या दोघांसाठी असतो. नॉनस्टिक तव्याची कहाणी हे दाखवायला सगळ्यांत सोयीची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१९३८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. एका नळकांड्यातला वायू बाहेर येईना. नळकांडं कापलं तर आत पांढरी, मेणचट भुकटी. तिला काही चिकटत नव्हतं, आम्लाने ती विरघळत नव्हती. तिचं पुढे टेफ्लॉन झालं. फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार या इंजिनिअरने ते ॲल्युमिनियमच्या भांड्यावर बसवण्याची युक्ती काढली आणि १९५६ मध्ये टेफाल ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे कमी तेलातला डोसा आणि न चिकटणारं धिरडं ही मध्यमवर्गीय स्वयंपाकघराची हौस झाली ती या भुकटीमुळे.

ही भुकटी करताना मदतीला आणखी एक रसायन लागत असे. आठ कार्बनांची साखळी असलेलं म्हणून कारखान्यात त्याला सी-८ म्हणत. शास्त्रीय नावाचं लघुरूप पीएफओए. १९५१ पासून ड्यूपाँट ते थ्रीएम कंपनीकडून विकत घेऊ लागली आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठी पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यात वापरू लागली. निसर्गात ते विघटित होत नाही. शरीरात शिरलं की वर्षानुवर्षं रक्तात राहतं. तयार तव्यात ते जवळजवळ उरत नाही, कारण लेप भट्टीत भाजताना ते उडून जातं. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

१९९८ मध्ये पार्कर्सबर्गचा एक शेतकरी ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात रॉब बिलोट या वकिलाकडे आला. बरोबर खोकंभर व्हिडिओ टेपा. त्याच्या गुरांच्या तोंडाला फेस येत होता, दात काळे पडत होते, वासरं मरत होती, आणि गुरं ज्या ओढ्याचं पाणी पीत त्यावर साबणासारखा फेस तरंगत होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला ड्यूपाँटची कचरा पुरण्याची जागा होती. बिलोटची गंमत अशी की तो कंपन्यांविरुद्ध लढणारा वकील नव्हताच. त्याची फर्म रसायन कंपन्यांच्याच बाजूने उभी राहायची. त्याने कोर्टामार्फत कंपनीची कागदपत्रं मागवली. खोक्यांमागून खोकी आली. जमिनीवर बसून तो ती तारीखवार लावत गेला, तेव्हा कंपनीला काय कधी माहीत होतं याचा आलेखच हाती आला.

१९६१ मध्येच कंपनीच्या संशोधकांना दिसलं होतं की या रसायनाने प्राण्यांचं यकृत सुजतं. १९८१ मध्ये थ्रीएमने कळवलं की उंदरांच्या पिल्लांत जन्मजात दोष दिसतात. ड्यूपाँटने आपल्याच कारखान्यातल्या गरोदर कामगार स्त्रियांची नोंद तपासली. सात बाळांपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष होता. ही गोष्ट बाहेर सांगितली नाही. १९८४ मध्ये आसपासच्या गावांच्या नळाच्या पाण्यात ते रसायन सापडलं. १९९१ मध्ये कंपनीने स्वतःच पिण्याच्या पाण्यासाठी अब्जात १ भाग अशी सुरक्षित मर्यादा ठरवली, आणि त्याच वर्षी एका वस्तीच्या पाण्यात त्याच्या तिप्पट प्रमाण आढळलं. तेही कपाटातच राहिलं. त्या ओढ्याच्या वरच्या जागेत ७,१०० टन दूषित गाळ टाकलेला होता.

पुढचा भाग झटकन सांगता येतो. २००४ मध्ये गावकऱ्यांशी तडजोड झाली आणि तिच्यातूनच एक स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ नेमलं गेलं. सुमारे ६९,००० लोकांनी रक्त तपासायला दिलं. मंडळाने सहा व्याधींशी या रसायनाचा संबंध संभवतो असा निष्कर्ष काढला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉईडचे आजार, गरोदरपणातला रक्तदाब हे होते. २००५ मध्ये माहिती दडवल्याच्या प्रकरणात अमेरिकी पर्यावरण संस्थेशी ड्यूपाँटची १.६५ कोटी डॉलरची तडजोड झाली. २०१७ मध्ये सुमारे ३,५५० दाव्यांपोटी ६७ कोटी १० लाख डॉलर मोजले गेले. २०१९ मध्ये हे रसायन स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आता दुकानातलं खोकं हातात घ्या. कोपऱ्यात हिरवं पान आणि त्याखाली 'पीएफओए-फ्री'. घेणारा निर्धास्त होतो. पण मघाचा मुद्दा आठवा: तव्यात ते जवळजवळ नव्हतंच. पोळी करणाऱ्या बाईला त्याचा धोका फारसा नव्हता, धोका होता तो ओढ्याकाठच्या माणसाला. लेबल उत्तर देतं ते विकत घेणाऱ्याच्या भीतीला. ज्याचं पाणी नासलं त्याच्याबद्दल ते काही सांगत नाही, आणि त्याने विचारलेला प्रश्न वेगळाच आहे: सी-८ गेलं, त्याच्या जागी काय आलं आणि ते कुठे सांडतं? त्याच्या जागी आलेल्या जेन-एक्स या रसायनाचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीत ते सापडलं आणि खालच्या अंगाच्या विल्मिंग्टन शहराच्या नळात पोचलं. खोक्यावरचं वाक्य तेव्हाही खरंच होतं.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून द्यावं तर धागा अनपेक्षितपणे कोकणात येतो. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना याच कुळातली रसायनं करत असे. त्याच्यामुळे व्हेनेतो प्रांतातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी दूषित झालं. तिथल्या आयांनी संघटना बांधली, कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात घेतली ती मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या उपकंपनीने, आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. यंत्रं आली म्हणजे इटलीतलं प्रदूषणही आलं असं मात्र म्हणता येत नाही. नियमांनुसारच काम करतो असं कंपनी सांगते, आणि तव्यांशी त्या कारखान्याचा संबंध नाही. पण लोटे वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी या यंत्रांच्या कितीतरी आधीपासूनच्या आहेत. तिथे आज कोणत्या रसायनांसाठी पाणी तपासलं जातं आणि त्याचे आकडे कोणाला बघायला मिळतात, हा प्रश्न इटलीतल्या आयांनी विचारला तसाच इथेही विचारायला हवा. कंपनीची नीती जोखायची ती तिथे. बाहेरच्या माणसाला आत किती दिसू दिलं जातं, यावर.

मग नॉनस्टिक नको, बिडाचा तवा देऊ, असं कोणी म्हणेल. द्या, उत्तम वस्तू आहे, नातवंडंसुद्धा वापरतील. फक्त तो पापमुक्त आहे अशा समजुतीने देऊ नका. बिडाचा तवा फाउंड्रीत रेतीच्या साच्यात ओततात, आणि त्या रेतीची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तिथेही प्रश्न तोच: धूळ ओढून घेणारी यंत्रणा आहे की कामगाराच्या तोंडाला नुसता रुमाल?

दुसरा आहेर गालिचा. इथे अडचण उलटी असते, कारण जोखायला कंपनीच सापडत नाही. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात गालिचा घराघरांतल्या मागावर विणला जातो. निर्यातदार ठेकेदाराला नक्षी आणि लोकर देतो, ठेकेदार ती खेड्यात पोचवतो, आणि विणणाऱ्याच्या अंगणातल्या खड्ड्यात पाय सोडून कोण बसलंय हे निर्यातदाराला ठाऊक नसतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नसतं. १९८० च्या दशकात कैलाश सत्यार्थी आणि त्यांचे सहकारी या मागांवरून मुलांना सोडवून आणत होते. त्यांतली बरीच बिहारमधून कर्जापोटी आणलेली असत. एकेक मूल सोडवून साखळी तुटत नाही हे दिसल्यावर १९९४ मध्ये रगमार्क हे चिन्ह सुरू झालं, आज त्याचं नाव गुडवीव्ह. त्याची रचना साधी आहे. परवानाधारक निर्यातदार आपल्या सगळ्या मागांची यादी देतो, तपासनीस न कळवता कोणत्याही मागावर जातो, आणि प्रत्येक गालिच्याच्या पाठीमागे क्रमांक असलेली पट्टी शिवली जाते. तपासणी पार खेड्यातल्या मागापर्यंत जाते, ही त्यातली खरी गोम.

पण हे चिन्ह उभं राहिलं ते जर्मन आणि अमेरिकी गिऱ्हाइकांच्या दबावाने, म्हणून ते निर्यातीच्या मालावर असतं. आपल्या शहरातल्या प्रदर्शनात गालिचा उलटून पाहिला तर बहुधा काहीच सापडत नाही. विचारणारं गिऱ्हाईक नाही तर पट्टी कोण शिवेल? कायद्याचाही फार आधार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी घातली खरी, पण शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवली. घरातला माग असा धंदा म्हणून खपवता येतो. तपासनीस आला की मूल भाचा होतं.

याच जातीची एक गफलत आपल्या जवळच्या वस्तूंत होते. सोलापुरी चादर द्यायची म्हणजे आपल्या माणसांना काम, असा भाव असतो. सोलापुरी चादरीला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि बाहेरून येणारी नक्कल ओळखायला त्याचा उपयोग होतो. पण ते मानांकन गावाचं नाव सांगतं, कामगाराची मजुरी सांगत नाही. चादर अस्सल सोलापुरी असेल आणि ती विणणारा नगावर राबून भविष्य निर्वाह निधीविना घरी गेलेला असेल, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. स्वदेशीचा शिक्का बघून निश्चिंत होणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा उतरतो, पण इलाज नाही.

कुकरचं निराळंच. इथे कंपनी आहे, कायदा आहे, चिन्ह आहे, आणि तरी पळवाट होती. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. निकृष्ट कुकर फुटतो म्हणून हा आदेश. त्यानंतरही ऑनलाइन बाजारांत विनाचिन्ह कुकर विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला आणि विकले गेलेले २,२६५ कुकर परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे द्यायला सांगितलं. फ्लिपकार्टच्या बाबतीत आकडा ५९८ होता. आम्ही फक्त दुकान मांडून देतो, माल दुसऱ्याचा, ही नेहमीची सबब होती. प्राधिकरणाचं म्हणणं असं की प्रत्येक विक्रीमागे तुम्ही कमिशन घेता, तेव्हा अंग काढून घेता येणार नाही. यातले कित्येक कुकर थेट दुसऱ्याच्या पत्त्यावर, रंगीत कागदात गुंडाळून पोचले असतील. ज्याच्या घरी तो गेला त्याच्याकडे ना पावती, ना परत घेण्याची सूचना.

चिन्हाकडे जरा जवळून पाहू. कुकरच्या बुडावर आयएसआयची ती ओळखीची चौकट असते. तिच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी आयएस २३४७. तिच्या खाली सीएम/एल ही अक्षरं आणि पुढे परवान्याचा क्रमांक. आपली नजर चौकटीवर थांबते, उपयोगाचा असतो तो खालचा क्रमांक. मोबाइलवर बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्यायचं, क्रमांक टाकायचा. परवाना कोणाचा, कारखान्याचा पत्ता काय, परवाना चालू आहे की नाही, सगळं समोर येतं. कधीकधी खोक्यावरचं नाव एक आणि परवान्यावरचं भलतंच निघतं. त्यात गैर काही नाही, मोठी नावं छोट्या कारखान्यांकडून माल करून घेतातच. फक्त आपण ज्याच्या सचोटीवर विसंबलो तो आणि ज्याने कुकर घडवला तो, हे दोघं वेगळे आहेत एवढं कळतं.

नावं तर हल्ली भाड्याने मिळतात. फिलिप्सची इस्त्री किंवा मिक्सर म्हणजे नेदरलँड्सची ती जुनी दिव्यांची कंपनी, असं आपण समजतो. फिलिप्सने घरगुती उपकरणांचा धंदा २०२१ मध्ये हिलहाउस या आशियाई गुंतवणूक कंपनीला विकला. त्या धंद्याचं नाव आता व्हर्सुनी, आणि फिलिप्स हे नाव तो परवान्याने वापरतो. चेन्नईचा प्रीती मिक्सर फिलिप्सने २०११ मध्ये घेतला होता, तोही याच वाटेने गेला. यात लबाडी नाही, सगळं जाहीर आहे. पण वडिलांच्या वेळचा रेडिओ आठवून नव्या सुनेला त्याच नावाचा मिक्सर देणाऱ्याने हे ओळखावं की वडिलांचा विश्वास ज्या संस्थेवर होता तिचा या मिक्सरशी संबंध नावापुरता उरला आहे.

आता कोणी विचारेल, कंपनी शाळा बांधते, गावात पाण्याच्या टाक्या देते, त्याचं काय? त्याला सीएसआर म्हणतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम सांगतं की ठरावीक आकारावरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. कायद्याने करावा लागणारा खर्च जाहिरातीत दानासारखा दाखवतात, याची मला नेहमी मौज वाटते. शिवाय हा हिशोब नफा झाल्यानंतरचा. तो नफा कसा झाला, हे दोन टक्क्यांत कुठेच येत नाही.

ते अंशतः येतं दुसऱ्या एका कागदात, जो वाचण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तो असतो. त्यातलं सुरुवातीचं गोड गद्य सोडून द्यावं आणि तक्ते पाहावेत. वर्षात कामावर किती जण दगावले, त्यांत कर्मचारी किती आणि कामगार किती. बाईचा आणि पुरुषाचा मधला पगार किती. छोट्या उद्योगांकडून किती खरेदी केली, आणि पुरवठादाराचे पैसे सरासरी किती दिवसांनी दिले. हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपवाल्याला विचारा, मोठ्या कंपनीची ओळख तो तिच्या चेकच्या तारखेवरून सांगेल. ज्याचे पैसे अडकतात तो कामगाराची मजुरी अडकवतो.

आणखी एक गोष्ट पाहावी: चूक उघडी पडल्यावर कंपनी किती काळ कशी वागली. तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता, अमेरिकेतून १९८० च्या दशकात आणलेला आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या मालकीत आलेला. पारा लागलेल्या काचेचा चुरा भंगारवाल्याच्या आवारात सापडला तेव्हा, २००१ मध्ये, तो बंद झाला. ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली ती २०१६ मध्ये, मधे गेली पंधरा वर्षं. त्यासाठी कोणी त्याच कंपनीचा प्युअरइट हा पाणी शुद्ध करण्याचा फिल्टर आहेरात न देण्याचं ठरवलं असतं, तर २०२४ नंतर तो बहिष्कार भलत्याच घरावर जाऊन आदळला असता. कंपनीने तो धंदा ए. ओ. स्मिथला विकून टाकला.

म्हणूनच बहिष्काराबद्दल मी फार उत्साही नाही. एक तवा न घेतल्याने कोणत्याही कंपनीचं काही बिघडत नाही. पार्कर्सबर्गमध्ये जे घडलं ते न घेतलेल्या तव्यांमुळे घडलं नाही. एका शेतकऱ्याच्या चिकाटीने आणि कोर्टाने मागवलेल्या कागदांनी घडलं. गिऱ्हाइकाच्या हातातली ताकद दुसरीकडे आहे: जिथे बनवणारा छोटा आहे आणि एक ऑर्डर त्याच्यासाठी मोठी आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं घ्यायला गेलं तर घडवणारा समोर बसलेला असतो, ठोके ऐकू येतात, भाव त्याच्याशी ठरतो. तिथे शंभर रुपयांची घासाघीस न करणं ही सरळ सरळ नीती आहे, त्यासाठी अहवाल वाचावा लागत नाही.

आहेर म्हटल्यावर एक पथ्यही सांभाळावं लागतं. भांड्याबरोबर पत्रक देऊ नये. 'आम्ही मुद्दाम अशा कंपनीचं आणलंय बरं का, जिथे कामगारांना…' हे वाक्य ज्याने ऐकलं, त्याच्या घरातला जुना नॉनस्टिक तवा त्याच क्षणी आरोपी होतो. चौकशी दुकानात करावी आणि दुकानातच ठेवून यावी. पावती आणि वॉरंटीचा कागद मात्र खोक्यात घालावा, संकोच वाटत असेल तर किमतीचा आकडा झाकून. कारण वस्तू परत मागवायची वेळ आली तर कंपनी शोधणार ते त्या कागदावरूनच, आणि दुरुस्त होऊ शकणारी वस्तू कागदाअभावी फेकली जाते. सुटे भाग किती वर्षं मिळतील हे दुकानदाराला विचारलं तर तो आधी चमकतो, पण बहुतेक वेळा खरं सांगतो.

राहता राहिलं संक्रांतीचं वाण. आपल्या घरगुती भेटींतला संख्येने सगळ्यांत मोठा व्यवहार हाच, आणि त्याबद्दल कोणी विचार करत नाही, कारण एका वाणाची किंमत वीस-तीस रुपये असते. प्लास्टिकचे डबे, गाळण्या, पातळ पत्र्याच्या वाट्या, घाऊक बाजारातून डझनाने. त्यांच्यावर कंपनीचं नाव नसतं, पत्ता नसतो, चिन्ह नसतं. वर लिहिलेला एकही उपाय त्यांना लागू पडत नाही. एवढ्या कमी किमतीत कोणाचं तरी काहीतरी कापलं गेलेलं असणार एवढंच समजावं. पन्नास बायकांना तीस-तीस रुपयांप्रमाणे द्यायचं तर दीड हजार होतात, आणि दीड हजाराची ऑर्डर ही महिला बचत गटासाठी चांगली ऑर्डर असते: कापडी पिशव्या, मसाल्याच्या पुड्या, तिळाच्या वड्या, जुन्या साडीचे बटवे. असे गट मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात भेटतात, तालुक्याच्या पंचायत समितीत चौकशी केली तरी सापडतात. ऑर्डर मात्र दिवाळी संपल्या संपल्या द्यावी आणि थोडे पैसे आगाऊ द्यावेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन केलात तर नाही म्हणवत नाही म्हणून त्या बिचाऱ्याही त्याच घाऊक बाजारातून माल आणून तुमच्या हातात ठेवतील.